एकही वचन न गाळता

नव्या पाळकांनी स्वागताचा गुच्छ हातात धरूनच सांगून टाकलं, की पुढच्या रविवारपासून मत्तयाचं शुभवर्तमान सुरू करायचं, पहिल्या वचनापासून, क्रमाने, एकही वचन न गाळता. आणि पहिल्या बाकावर बसलेल्या थोरलीच्या काळजात धस्स झालं. का झालं ते तिचं तिलाच कळेना. चांगली गोष्ट होती की. उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी सगळे तेच म्हणत होते. माणूस अंगाने काटकुळा होता, आवाज जरा बसका, पण बोलणं सरळ. मंडळीचे सेक्रेटरी बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "चला, आता निदान जागं तरी राहावं लागेल," आणि आजूबाजूचे फिस्सकन हसले. जुन्या पाळकांनी वर्षाचे बावन्न उपदेश कधीतरी तरुणपणी लिहून काढले होते आणि सव्वीस वर्षं तेच फिरवले होते. कुठे हसायचं, कुठे उसासा टाकायचा, कोणत्या वाक्याला शेवट जवळ आला समजून चपला पायात सरकवायच्या, हे मंडळीला तोंडपाठ होतं. पवित्रशास्त्राची बरीच पानं त्यांनी कधी उघडलीच नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. थोरलीने तर कधीच नाही. तीच तर दर रविवारी समोरच्या उंच मेजाशी उभी राहून वाचन करायची. बावीस वर्षं तिला पाळक जे पान देत ते ती वाचत आली होती, आणि ती पानं मोजकी आहेत, ठरलेली आहेत, त्यांत आपल्याला बोचेल असं काही नाही, याची तिला इतकी सवय झाली होती की त्या सवयीलाच ती श्रद्धा समजत होती.

घरात दोघीच बहिणी. त्यामुळे आईबापांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हिला थोरली म्हणत आणि तिला धाकटी, आणि पन्नाशी उलटली तरी ती नावं दोघींना चिकटून राहिली होती. बसस्थानकावर मात्र थोरलीला भोंगा म्हणत. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे तिचं काम. तिने एकदा सांगितलं की दीडशे माणसं पेट्या उचलून पळत सुटत. तिला त्याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता. आपण म्हणू ते होतं, आपण म्हटलं नाही तर गाडी आलेलीच नसते, असं काहीतरी त्या काचेमागे बसून माणसाच्या डोक्यात भरतं.

पुढच्या रविवारी तिने पान उघडलं तर समोर नुसती नावं, प्रभूच्या पूर्वजांची. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी. जुन्या पाळकांनी हे पान कधी वाचायला दिलंच नव्हतं. ती बसस्थानकाच्या आवाजात धडाधड वाचत सुटली आणि दहाव्या-बाराव्या नावाशी तिच्या आवाजाला काहीतरी झालं. घसा नव्हता बसला. तिला एकदम कपाटातला वरचा कप्पा दिसला, टॉवेलात गुंडाळलेलं घरचं जुनं पवित्रशास्त्र दिसलं, आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या तिरक्या अक्षरापासून सुरू होणारी दुसरी एक यादी. ती कशीबशी शेवटच्या नावापर्यंत पोचली आणि जागेवर येऊन बसली. मग पाळक बोलायला लागले. हातवारे नाहीत, गोष्टी नाहीत. म्हणाले, "लिहिणाऱ्याला सोपं होतं हो. अडचणीची नावं गाळायची. ज्या बायकांबद्दल लोक दबक्या आवाजात बोलायचे, त्या गाळायच्या. कोण विचारणार होतं? पण त्याने गाळल्या नाहीत. नाव लिहिणं म्हणजे काय? हा आमचा आहे, एवढंच म्हणणं." आणि गप्प बसले. जुने पाळक कधी गप्प बसत नसत. ती शांतता इतकी लांबली की मागच्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं ते सगळ्या देवळाला ऐकू आलं. थोरलीला वळून बघायची गरज नव्हती. त्या बाकावर एकोणीस वर्षं एकच बाई बसत होती, आणि लहानपणी एका पांघरुणात झोपलेल्या माणसाचं नाक ओढणंसुद्धा ओळखू येतं.

एकोणीस वर्षं. दोघी एकाच देवळात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत, आणि एक शब्द नाही. निरोप असेल तर थोरलीचा नवरा द्यायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि धाकटीला चष्मा लागल्यापासून त्याला एक निमित्त मिळालं होतं. "तिचा नंबर वाढलाय," तो घरी येऊन सांगायचा, आणि थोरली म्हणायची, "मग मी काय करू?" तेवढ्यावर विषय संपायचा. संपायचा म्हणजे तोंडातला संपायचा. पोटातला कुठला संपतोय!

धाकटीचं पहिलं मूल नऊ तास जगलं. मुलगी होती. आई तेव्हा वर्षापूर्वीच गेलेली, आणि जाताना घरचं पवित्रशास्त्र थोरलीच्या स्वाधीन केलेलं, कारण तिचं अक्षर चांगलं. घराण्यात कुणी जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कुणी गेलं की त्या पहिल्या पानावर लिहायचं, ही रीत. आजोबांनी लिहिलं, मग वडिलांनी, मग आईने, आणि आता थोरली. महिन्याभराने धाकटी आली. उभीच राहिली. अंगावरचे कपडे सैल झाले होते, केस बांधलेले नव्हते. म्हणाली, "ताई, तिचं नाव लिहायचंय." आणि थोरली काय म्हणाली? थोरली म्हणाली, "बाप्तिस्मा झालेल्यांचीच लिहितात गं. रीत आहे तशी." धाकटी हळूच म्हणाली, "पाळकांना विचार ना एकदा." थोरलीने दोन दिवसांनी निरोप पाठवला, पाळकांना विचारलं, ते नाही म्हणाले.

तिने विचारलंच नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती आणि परत आली होती. का, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही; पण आता या काटकुळ्या माणसाने ती नावांची यादी काय वाचायला लावली आणि ते आतून वर यायला लागलं, नको असताना. त्या पानावर थोरलीच्या लग्नाची ओळ होती. तिच्याखाली दोन बोटं जागा आईने मुद्दाम सोडली होती. तेव्हा लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेच्या खाली, आपल्याच हाताने, आपल्याच चांगल्या अक्षरात, नऊ तासांच्या का होईना पण कुणाच्या तरी मुलीचं नाव लिहायचं, हे तिच्याने होईना. हेवा वाटला तिला. मेलेल्या मुलाचा हेवा! असं कुणाला सांगायचं तरी कसं? म्हणून तिने रीत पुढे केली, रीत पुरेना तेव्हा पाळक पुढे केले. आणि या सगळ्यात एक गोष्ट तिला कधी सुचलीच नाही: मुलीचं नाव काय ठेवलं होतं, ते तिने विचारलं नव्हतं. पुढे धाकटीला मुलगा झाला, चांगला धडधाकट, पण तिने त्याचंही नाव लिहायला आणलं नाही. पान तिथेच थांबलं. तेव्हापासून थोरलीला कुणी ताई म्हटलं नाही. म्हणणारं एकच माणूस होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. "कुणाचं लग्न आहे?" नवऱ्याने विचारलं. "गप्प बसा हो जरा." ती मोजत होती. पाळक एका रविवारी एवढी वचनं घेतात, तर पहिला अध्याय दोन रविवार, दुसरा दोन, तिसरा दोन, चौथा दोन. आणि पाचव्याचं तेविसावं-चोविसावं वचन बरोबर अकराव्या रविवारी. ते तिला माहीत होतं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, मिटवून ये, अशा अर्थाचं. तिने एरवी ते एकटीने वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. पण मंडळीसमोर, तिच्या तोंडून, शेवटच्या बाकाच्या साक्षीने? तिने अकराव्या रविवारवर बोट ठेवलं आणि बोट उचलेना.

मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. कशात लक्ष लागेना. दूध उतू जाई, कुलूप लावलं की नाही म्हणून ती अर्ध्या रस्त्यातून परत येई. बुधवारी भर गर्दीत तिने खणखणीत आवाजात सांगितलं, गाडी फलाट क्रमांक तेवीसवर लागली आहे. स्थानकाला फलाट चौदा. दीडशे माणसं पेट्या उचलून तेविसावा फलाट शोधत भिंतीपर्यंत पळाली, एक म्हातारा तर भिंतीपलीकडे डोकावून बघत होता. साहेब काचेवर टकटक करून म्हणाले, "भोंगाबाई, नऊ फलाट बांधून घ्यायचे का आम्ही?" सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने पुढची घोषणा आधी कागदावर लिहून घेतली.

आणि तिकडे धाकटी पुढे सरकत होती. आधी शेवटून दुसरा बाक. मग मधला. नव्या पाळकांचा आवाज बसका असल्यामुळे ऐकू येत नसेल, थोरलीने स्वतःला समजावलं. पण धाकटीच्या मांडीवर आता पवित्रशास्त्र उघडं असायचं, हातात पेन्सिल. सगळेच आणायला लागले होते. पाळक एक वचन सांगत, थांबत, आणि शंभर पानांची सळसळ होई. सेक्रेटरीसुद्धा जागे! एका जागी माणसं डोळे पुसत होती, दुसऱ्या जागी दोघे जण बाहेर पायरीवर उभे राहून वाद घालत होते, त्या वचनाचा अर्थ हा की तो. देवळात जिवंतपणा आला होता, सगळे म्हणत होते. थोरलीला मात्र वाटत होतं, आपण एका खोलीत आहोत आणि कुणीतरी एकेक खिडकी उघडत आपल्याकडे येतंय.

आठव्या आठवड्यात पाळक घरी आले. सगळ्यांच्या घरी जात होते, तसे. चहा झाला, नवऱ्याने त्यांचा चष्मा फुकट सरळ करून दिला. थोरलीने बशी उचलता उचलता, पाचव्या अध्यायाचं सहज सुचल्यासारखं विचारलं, "पाळकसाहेब, डोंगरावरचं प्रवचन एकाच रविवारी उरकलं तर? फार लांबतं, नाही?"

"उरकायचं कशाला, बाई? घाई कुठे आहे?"

"नाही, म्हणजे... मला त्या सुमाराला जरा घशाचा त्रास होतो."

नवऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पाळक हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही वाचलं नाहीत तर दुसरं कुणी वाचेल. वचन कुणासाठी अडत नाही. पण तुमचं वाचणं लोकांना लागलंय." आणि निघताना दारात चपला घालत, "तुमच्याकडे आजोबांच्या वेळचं पवित्रशास्त्र आहे म्हणे. बघायला आवडेल मला."

"वाळवी लागली त्याला," थोरली म्हणाली. तोंडातून निसटलंच. पाळकांच्या बाबतीत खोटं बोलायची ही दुसरी खेप, फक्त पाळक बदलले होते. मागच्या वेळी त्यांच्या नावावर, या वेळी त्यांच्या तोंडावर. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "वाळवी?" ती म्हणाली, "हो, वाळवी," आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धुत राहिली.

अकराव्या रविवारी धाकटी दुसऱ्या बाकावर होती. थोरलीच्या बरोबर मागे. इतकी जवळ की तिच्या कपड्यांना येणारा साबणाचा वास येत होता; धाकटी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, आणि तो वास तिच्या केसांतही मुरला होता. घशाचं कारण सांगायचं थोरलीने शनिवारपर्यंत ठरवलं होतं. मग वाटलं, बावीस वर्षं वाचतेय, हेही वाचून टाकू. दात काढताना असतं तसं, एक मिनिट आणि सुटका. ती मेजाशी गेली. एकविसावं वचन वाचलं. बाविसावं, रागाचं, भावाला मूर्ख म्हणणाऱ्याचं, तेही वाचलं. आवाज उत्तम लागला होता. फिर्यादीबरोबर वाटेतच मिटवून घे, हे वाचलं, तुरुंगाचं वाचलं, संपवलं, आणि तिला हायसं वाटलं. झालं की. किती सोपं! आणि मग तिच्या लक्षात आलं की पानं सळसळत नाहीत. कुणी खोकत नाही. शंभर माणसं आपापल्या पानावर बोट ठेवून बसली होती आणि सगळ्यांची बोटं एकाच जागी अडली होती.

"बाई," पाळक बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मधली दोन वचनं राहिली."

तिने पानाकडे पाहिलं. ती मुद्दाम नव्हती गाळली. आईशप्पथ नव्हती गाळली! डोळाच उडी मारून गेला होता. पण हे कुणाला सांगायचं? जिला सांगायचं तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं होतं. धाकटी उठली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. नुसतं एक दमलेपण होतं, हे मला माहीतच होतं असं म्हणणारं. ती बाकातून बाहेर पडली, मधल्या वाटेने दारापर्यंत गेली, दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला आणि गेला. थोरलीने ती दोन वचनं वाचली. मिटलेल्या दाराकडे बघत वाचली. शेवटचा शब्द कसा म्हटला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिने रेशमी फीत पानात ठेवली आणि पायरी उतरून, आपल्या बाकाकडे न वळता, सरळ चालायला लागली. सेक्रेटरी कुजबुजले, "अहो, अजून शेवटचं वाचन आहे तुमचं!" पाळकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

घरी येऊन तिने टॉवेलातलं गाठोडं काढलं. पुस्तकाला वाळवीबिळवी काही नव्हती. पेन घेतलं, कागदावर ओढून बघितलं, चाललं, दुसरं पण घेतलं. धाकटीची रविवारी दुपारची पाळी असते, हे तिला नवऱ्याकडून माहीत होतं. एकोणीस वर्षांत धाकटीबद्दल तिला बरंच माहीत झालं होतं, विचारल्याशिवाय. धुलाईखाना इस्पितळाच्या तळाशी होता. लांबलचक खोली, भिंतीला लागून माणसाच्या उंचीची लोखंडी यंत्रं, त्यांत गरगरणाऱ्या चादरी, आणि असा आवाज की आपला विचारही आपल्याला ऐकू येऊ नये. सात-आठ बायका काम करत होत्या. धाकटी एकीबरोबर चादरीची घडी घालत होती. तिने थोरलीला पाहिलं, आणि घडी घालायची थांबली नाही. ती चादर झाली, दुसरी घेतली. मग जोडीदारीण या दोघींकडे आळीपाळीने बघून, काय ते समजून, "चहा घेऊन येते" म्हणत सटकली. चादरीची दोन टोकं लोंबत राहिली. थोरलीने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि ती टोकं उचलली. दोघींनी ताणली, झटकली, जवळ आल्या, टोकांना टोकं लावली, पुन्हा लांब गेल्या. आईने शिकवलं होतं तसंच. हात विसरले नव्हते. अशा चार चादरी झाल्या.

पाचव्या चादरीला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा थोरली म्हणाली, "मी पाळकांना विचारलंच नव्हतं."

धाकटीचे हात थांबले. "काय?"

"तेव्हा. जुन्या पाळकांना. ते नाही म्हणाले असं मी तुला सांगितलं. मी गेलेच नव्हते त्यांच्याकडे. ते नाही म्हणाले नसते. मीच म्हणाले. मला बघवेना, माझ्या ओळीखाली... मला हेवा वाटला गं."

चादर दोघींच्या मध्ये होती आणि धाकटीने आपलं टोक इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली. मग तिने ते सोडून दिलं. "एकोणीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला नाही," ती म्हणाली. "दारात उभा राहायचा बिचारा, सगळ्यांना शेकहँड करायचा. मी त्याच्याकडे न बघता निघून जायची. आणि तू समोर उभी राहून शास्त्र वाचायचीस!" तिचा आवाज चढला, बायका बघायला लागल्या. "आज पण गाळलंस."

"आज खरंच डोळा चुकला."

"तेव्हा?"

"तेव्हा नाही."

धाकटीने चेहरा कोपराने पुसला. मग टेबलाकडे गेली आणि टॉवेल उलगडला. पहिलं पान उघडून बराच वेळ उभी राहिली, आजोबांच्या अक्षरावर, आईच्या अक्षरावर बोट फिरवत. बोट थोरलीच्या लग्नाच्या ओळीवर आलं, त्याखालच्या दोन बोटं कोऱ्या जागेवर आलं, तिथे थांबलं. थोरलीला वाटलं, आता पुस्तक मिटेल ही. मिटलं असतं तरी तिला काही म्हणता आलं नसतं.

"पेन आणलंस?"

"दोन आणलीत."

"लिही."

"नाव सांग. मी... मी विचारलंच नव्हतं कधी."

"नाहीच विचारलंस," धाकटी म्हणाली, आणि तिने नाव सांगितलं. एकोणीस वर्षांत ते तिच्या तोंडून मोठ्याने निघालं नसावं, कारण ते उच्चारताना तिचे ओठ आधी नुसतेच हलले. थोरलीने त्याच कोऱ्या जागेत लिहिलं, आपल्या ओळीच्या खाली. अक्षर वाकडं आलं, घराण्यातलं सगळ्यांत वाईट. त्यापुढे तारीख लिहिली. जन्माची आणि जाण्याची, एकच. धाकटी म्हणाली, "पोराचं नंतर लिही. आधी वाच."

"कुठून?"

"वरून. सगळं. एक पण गाळायचं नाही."

थोरलीने आजोबांपासून सुरुवात केली. यंत्रं गरगरत होती. ती देवळात वाचते तशी, बेताच्या, सभ्य आवाजात वाचत होती.

"ऐकू येत नाही," धाकटी म्हणाली. "स्थानकावर ओरडतेस तशी वाच."

तिने छातीत हवा भरली. आजोबा, आजी, वडील, आई, स्वतःचं लग्न. खोलीतल्या बायका हातातलं काम सोडून वळल्या. कुणीतरी एक यंत्र बंद केलं, मग दुसरं. आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत, दीडशे माणसांना पळवणाऱ्या त्या आवाजात, नऊ तासांच्या मुलीचं नाव खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. थोरलीचा आवाज त्या नावावर फाटला. ती थांबली. धाकटी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती.

"पुन्हा म्हण, ताई," ती म्हणाली.